परवानगी कुणाची मागताय?

जून लागला की मनाम्याच्या अदलिया भागात निरोपाची जेवणं सुरू होतात. ब्लॉक ३३८च्या गल्ल्यांत एका टेबलाशी कायमचं पुण्याला परत निघालेलं कुटुंब असतं, शेजारच्या टेबलाशी दुसऱ्या कंपनीत चाललेला इंजिनिअर. शाळांना सुट्टी लागते, शिक्षकांचे करार संपतात. आणि याच दिवसांत बहारीनमधला शिकलासवरलेला मराठी माणूस दबक्या आवाजात एकच प्रश्न विचारत फिरतो: “कंपनी रिलीज देईल ना?”

या प्रश्नाचा मला राग येतो. विचारणारे कोण असतात? सी.ए. झालेले, एम.टेक. झालेले, पीएच.डी. मिळवलेले. शंभर पानांच्या टेंडरमधली एक चुकीची ओळ हे लोक शोधून काढतात, पण स्वतःचा दोन पानांचा करार त्यांनी सही करतानाही नीट वाचलेला नसतो. वीस जणांची टीम सांभाळणारा माणूस स्वतःच्या नोकरीचा विषय निघाला की शाळकरी मुलासारखा साहेबांच्या मर्जीकडे बघतो.

सरळ सांगते. ऑगस्ट २००९पासून बहारीनमध्ये परदेशी कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येते. तेव्हाचे कामगारमंत्री मजीद अल अलवी यांनी कामगाराला मालकाशी बांधून ठेवणाऱ्या कफाला पद्धतीची तुलना जाहीरपणे गुलामगिरीशी केली होती. आपल्याच देशातल्या रूढ व्यवस्थेबद्दल मंत्र्याने असं बोलायला धैर्य लागतं. २०११ साली या हक्काला एक अट जोडली गेली: सध्याच्या मालकाकडे एक वर्ष पूर्ण झालेलं हवं. घरकामगार मात्र या सुधारणेच्या बाहेरच ठेवले गेले. तो अन्याय मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. इथे मी बोलते आहे ती एलएमआरएच्या, म्हणजे श्रमबाजार नियामक प्राधिकरणाच्या परवान्यावर काम करणाऱ्या अकाउंटंट, इंजिनिअर, शिक्षक, आयटीवाल्यांबद्दल. कतारने असं पाऊल २०२० साली उचललं, सौदीने २०२१ साली. बहारीन त्यांच्या अकरा-बारा वर्षं आधी तिथे पोचलं होतं, आणि आपले लोक अजून साहेबांच्या केबिनबाहेर उभे आहेत.

वर्ष पूर्ण झालं असेल, करारातली नोटीस लेखी दिली असेल, तिची पोच जपून ठेवली असेल आणि नवा मालक अर्ज करायला तयार असेल, तर जुन्या मालकाची सही लागत नाही. एका वर्षाच्या आत जायचं असेल तर लागते. एवढी ही गोष्ट.

मग धमकी येते. “बॅन लावू.” “सगळ्या आखातात कुठे काम मिळणार नाही.” या धमक्या जवळजवळ नेहमी तोंडी असतात, कारण कागदावर लिहिल्या तर टिकणार नाहीत. खासगी क्षेत्राचा कामगार कायदा २०१२चा आहे, क्रमांक ३६. त्यातलं कलम ७३ प्रतिस्पर्ध्याकडे न जाण्याच्या अटीबद्दल आहे. ही अट घालता येते, पण जास्तीत जास्त एका वर्षासाठी, आणि तीही ठरावीक जागेपुरती व ठरावीक प्रकारच्या कामापुरती. कंपनीची खरोखरची गुपितं ज्याच्या हातात आहेत त्याने ही अट गांभीर्याने घ्यावी आणि वकिलाला करार दाखवावा. पगारपत्रकं करणाऱ्याला किंवा नववीला गणित शिकवणाऱ्याला या अटीची भीती घालणारा मालक त्याच्या अज्ञानावर जगतो आहे.

भीती तरीही खरी आहे, हे मी नाकारत नाही. आपण सगळा संसार एकाच खुंटीला टांगलेला असतो. नोकरी गेली की रेसिडेन्सी जाते, रेसिडेन्सीबरोबर सीपीआर हे ओळखपत्र, त्याच्यामागे फ्लॅटचा करार, गाडीचं कर्ज, मुलांची शाळा. परवाना रद्द झाल्यावर हातात थोडे दिवस असतात, आणि त्यातच नवा मालक शोधायचा की सामान बांधायचं हे ठरवावं लागतं. म्हणून शोध नोकरी असतानाच सुरू करायचा असतो. राजीनाम्याची तारीख रागाच्या भरात ठरवू नये. मुलगी दहावीला असेल तर सीबीएसईच्या बोर्डाचं वर्ष मध्ये तोडता येत नाही, आणि नवव्या इयत्तेतच तिची नोंदणी झालेली असते. हे गणित आधी मांडायचं आणि मगच मुलाखतीला बसायचं.

या सगळ्यात जिचं सर्वांत जास्त नुकसान होतं तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको. मराठी घरांतल्या या बायका कोण आहेत ते बघा: एम.एस्सी. बी.एड., एम.फार्म., नेट-सेट झालेल्या, कुणी कोल्हापुरात कॉलेजवर शिकवत होती, कुणी औरंगाबादेत प्रयोगशाळेत होती. इथे आल्यावर त्यांच्या सीपीआरला नवऱ्याचा आधार लागतो. नवऱ्याने नोकरी बदलली की त्यांचंही सगळं हलतं. त्यांना इथे काम करता येतं, पण त्यासाठी एलएमआरएचा रीतसर परवाना लागतो. “घरच्या व्हिसावरच शिकवा, कागद नंतर बघू” असं सांगणारी शाळा किंवा क्लास त्यांना धोक्यात घालत असतो. आणि रीतसर परवान्याशिवाय केलेल्या कामाचा अनुभवही उद्या कुठे मोजून घेता येत नाही. चार वर्षं शिकवलं आणि हातात एक कागद नाही, अशा बाया मला या गावात सतत भेटतात. घरात “माझ्या नोकरीचं काय करायचं?” ही चर्चा होते तेव्हा ती दोघांच्या नोकऱ्यांबद्दल व्हायला हवी. बहुतेक घरांत ती एकाच्याच पगारावर सुरू होते आणि तिथेच संपते. नवऱ्यांनो, बदली स्वीकारण्याआधी तिच्या पदवीचं नव्या गावात काय होणार हे विचारा. तिच्या परवान्याचा मुद्दा वाटाघाटीत घाला. मालक नाही म्हणेल, फार तर.

आता पैसे. इंडेम्निटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी सेवेची रक्कम. तिच्याबद्दल आपल्याकडे जितकं चुकीचं बोललं जातं तितकं क्वचित दुसऱ्या कशाबद्दल. नियम सोपा आहे. पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, त्यापुढे दर वर्षाला एका महिन्याचा. राजीनामा दिला तर ती बुडते, हा समज १९७६च्या जुन्या कायद्यापासून चालत आलेला आहे. त्या कायद्यात राजीनाम्यावर कपात होती, २०१२च्या कायद्यात नाही. या गैरसमजापायी माणसं “दहा वर्षं पूर्ण होऊ देत” म्हणत नको त्या खुर्चीत बसून राहतात.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती करारावर सही करताना मारलेली असते. इंडेम्निटी मूळ पगारावर आणि सामाजिक भत्ता असला तर त्यावर मोजतात. घरभाडं, गाडी, फोन यांवर नाही. ५०० दिनार मूळ पगार असलेल्या माणसाला दहा वर्षांनी ४,२५० दिनार मिळतात. तेच ५०० दिनार ३०० मूळ आणि २०० इतर भत्ते असे फोडले की हाती येतात २,५५०. दरमहा खात्यात पडणारा आकडा तोच, आणि दहा वर्षांनी १,७०० दिनारांची तफावत. नव्या नोकरीची ऑफर हातात आली की आपला माणूस एकूण आकडा बघतो, रुपयांत गुणाकार करतो आणि खूश होतो. मूळ पगाराच्या ओळीवर बोट ठेवायला हवं. घासाघीस करायची असते ती तिथे.

मार्च २०२४पासून आणखी एक बदल झाला, आणि तो चांगला आहे. परदेशी कामगारांच्या इंडेम्निटीची रक्कम आता मालकाने दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे, म्हणजे एसआयओकडे, भरायची असते: पहिल्या तीन वर्षांत पगाराच्या ४.२ टक्के, नंतर ८.४ टक्के. अर्धा पगार बारा महिन्यांत विभागला की साधारण पहिला आकडा येतो. त्यामुळे कंपनी बुडाली तरी एवढे पैसे सुरक्षित. पण मार्च २०२४च्या आधीच्या वर्षांची रक्कम मालकाकडेच आहे. म्हणजे जुन्या नोकरदाराला दोन ठिकाणी हिशेब बघायचा आहे. निघताना एसआयओचे पैसे मिळाले म्हणून समाधानाने विमानात बसलेला माणूस आधीच्या आठ वर्षांचे पैसे मागे ठेवून जाऊ शकतो.

कर्ज असेल तर बँकेशी आधी बोला. शेवटचा मोठा आकडा खात्यात आला की बँक त्यावर हात ठेवते, आणि हप्ते थकवून विमानतळावर गेलेल्यांवर प्रवासबंदी निघालेली आहे. याबद्दल जास्त लिहायची गरज नाही. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे टाळतात.

साहेबांच्या परवानगीची एवढी काळजी करणारे लोक ज्यांची परवानगी खरोखर लागते त्यांच्याकडे मात्र ढुंकून बघत नाहीत. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना एनएचआरए या आरोग्य नियामक संस्थेचा परवाना लागतो, आणि हॉस्पिटल बदललं की तो नव्या संस्थेच्या नावे करून घ्यावा लागतो. इंजिनिअरिंगचा व्यवसाय करायचा तर अभियांत्रिकी व्यवसाय नियमन परिषदेकडे नोंदणी आहे. शिक्षकांच्या पदव्यांची पडताळणी शिक्षण मंत्रालय क्वाड्राबे या एजन्सीमार्फत करून घेतं, आरोग्य क्षेत्रात हे काम डेटाफ्लो करते. या संस्था तुमच्या हातातल्या कागदावर विसंबत नाहीत. त्या थेट विद्यापीठाला विचारतात. आणि विद्यापीठ असतं महाराष्ट्रात.

इथे आपल्या अडचणी खास आपल्याच आहेत. पदवीवर नाव “पुणे विद्यापीठ”, आणि २०१४पासून त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. जळगावच्या पदवीवर “उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ”, २०१८पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव आलं. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४चा. ही नावं मोठ्या मनाने आणि मोठ्या लढ्यांनंतर दिली गेली, त्याचा अभिमानच आहे. पण मनाम्यातल्या कारकुनाला ती दोन वेगळी विद्यापीठं वाटतात, आणि त्याला समजावणारं विद्यापीठाचं पत्र आपण सोबत ठेवलेलं नसतं. दुसरी अडचण आडनावाची. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. बाईच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. विवाहनोंदणी दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद हे दोन कागद नसतील तर सुवर्णपदक मिळवलेल्या बाईलाही ती आपणच असल्याचं सिद्ध करता येत नाही. मुक्त विद्यापीठाची पदवी भारतात वैध असली तरी इथे तिच्यावर जास्त प्रश्न येतात. तेव्हा ऑफर स्वीकारण्याआधीच विचारून घ्यावं.

दोन्ही देश एकमेकांची कागदपत्रं मान्य करण्याच्या अपॉस्टिल करारात आहेत, भारत २००५पासून आणि बहारीन २०१३च्या अखेरीपासून. म्हणजे मंत्रालयातून राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, आणि काम झालं. सुट्टीत गावी गेल्यावर लग्नं, मुंजी, सोनं सगळं होतं. हे एक काम पुढच्या सुट्टीवर जातं. महाराष्ट्रातल्या कुलगुरूंनाही माझं सांगणं आहे: तुमच्या परीक्षा विभागाने पडताळणीच्या एका मेलला दोन महिने उत्तर दिलं नाही की इथे एका शिक्षिकेचं वर्ष जातं. त्या मेलला उत्तर देणं हे उपकाराचं काम नाही, ते विद्यापीठाचं कर्तव्य आहे.

प्राध्यापकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. बहारीनमधल्या विद्यापीठांत, पॉलिटेक्निकमध्ये, वैद्यकीय महाविद्यालयांत काही वर्षं शिकवून परत जाणाऱ्यांना आपल्याकडे सांगितलं जातं की परदेशातला अनुभव धरत नाहीत, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करा. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत दहावं कलम आधीच्या सेवेबद्दल आहे. सहायक प्राध्यापक किंवा त्यावरच्या समकक्ष पदावरची नियमित सेवा, देशातली असो वा परदेशातली, थेट भरतीसाठी आणि कॅस (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम) या योजनेखालच्या पदोन्नतीसाठी धरायची, असं त्यात आहे. अटी आहेत: पात्रता यूजीसीच्या निकषांपेक्षा कमी नको, पद समकक्ष हवं. तात्पुरत्या किंवा करारावरच्या सेवेसाठी निवड समितीमार्फत नेमणूक झालेली हवी आणि वेतन नियमित शिक्षकापेक्षा कमी नको. म्हणून इथून निघताना फक्त “यांनी उत्तम काम केले” असं पत्र घेऊ नका. पदाचं नेमकं नाव, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, निवड कशी झाली, एकूण वेतन किती, हे सगळं असलेलं पत्र घ्या. वर्षभरानंतर परदेशातून ते मागवणं किती कठीण असतं हे ज्यांनी केलं त्यांना विचारा. आणि ज्या राज्यात हजारो पात्र माणसं तासिका तत्त्वावर तासाच्या पैशांनी कॉलेजं चालवत आहेत, त्या राज्याने परत येणाऱ्या अनुभवी शिक्षकालाही त्याच रांगेत उभं करावं, ही लाजेची गोष्ट आहे.

ज्यांना काढून टाकलं जातं त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याशी बोलताना माझा आवाज खाली येतो. नोकरी गेल्याचं आईवडिलांपासून लपवणारे, सकाळी ऑफिसचे कपडे घालून बाहेर पडणारे आणि दिवसभर मॉलमध्ये बसणारे लोक इथे आहेत. त्यांनी काही वाईट केलेलं नाही. ऑफिस दुबईला हललं, प्रकल्प संपला, मालकाचं गणित बिघडलं. अशा वेळी दोन गोष्टी लगेच करायच्या. पहिली: बेमुदत करार असेल आणि योग्य कारणाशिवाय काढलं असेल, तर कलम १११खाली सेवेच्या दर महिन्यामागे दोन दिवसांचा पगार भरपाई म्हणून मागता येतो, कमीत कमी एक महिन्याचा आणि जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. दाद मागायची मुदत फार थोडी असते, त्यामुळे शरमेत घालवलेला प्रत्येक आठवडा पैशांत मोजावा लागतो. दुसरी: चार माणसांना सांगायचं. नवी नोकरी बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून कळते, आणि जो कुणाला सांगतच नाही त्याला कुणी कळवणार कसं? अगदीच अडचण असेल तर भारतीय दूतावासाचा ओपन हाउस, म्हणजे तक्रारी मांडायची खुली बैठक, आहे, १९९९पासून काम करणारा इंडियन कम्युनिटी रिलीफ फंड आहे. ते फक्त मजुरांसाठी नाहीत. एम.बी.ए. झालेल्या माणसालाही तिथे जाता येतं.

आणि आता इथल्या मराठी मंडळांसाठी. गणपतीचे पाच दिवस आपण ज्या तयारीने करतो ती तयारी मी जवळून पाहते आणि तिचं मला कौतुक आहे. त्याच लोकांनी वर्षातली एक संध्याकाळ याला द्यावी. मे महिन्यात, जूनच्या आधी. एक कामगार कायदा जाणणारा वकील बोलवा, एक बँकेतला माणूस, पदवी पडताळणीतून गेलेल्या दोन शिक्षिका, आणि नोकरी गेल्यावर पुन्हा उभा राहिलेला एक जण. भाषणं नकोत. लोकांनी आपापला करार घेऊन यावं आणि शेजारी बसून वाचावा. बहारीनमध्ये तीन लाखांहून जास्त भारतीय आहेत. मल्याळी संघटना अशी मदत किती शिस्तीने करतात ते जाऊन बघा आणि शिका.

मालकावरचं हे अवलंबणं संपवायचा एक मार्गही आहे: २०२२पासूनची गोल्डन रेसिडेन्सी. ज्याने इथे किमान पाच वर्षं काम केलं आणि महिन्याला सरासरी २,००० दिनार मूळ पगार मिळवला, त्याला मालकापासून स्वतंत्र अशी रेसिडेन्सी मिळू शकते. तेवढा पगार फार थोड्यांचा असतो. पण ज्यांचा आहे त्यांतलेही कित्येक अर्ज करत नाहीत. “गरज काय?” म्हणतात. गरज पडेल त्या दिवशी तो पगार नसेल.

बाकीच्यांनी येत्या रविवारी, कामाचा आठवडा सुरू झाला की, एचआरला एक साधा मेल लिहावा. माझा मूळ पगार किती नोंदला आहे, शिल्लक रजा किती, आणि मार्च २०२४च्या आधीच्या सेवेची इंडेम्निटी किती, हे लेखी कळवा, एवढंच त्यात असू द्या. हा मेल लिहायला राजीनामा द्यावा लागत नाही, आणि कुणाची परवानगीही लागत नाही.